आप्पांना कुष्ठरोगाच्या गोळ्या चालू आहेत. अंग काळं पडलं, आता लाल गाठी आणि ताप आलाय. गोळ्या बंद करायच्या का?

नाही, बंद करायच्या नाहीत. पण घरी बसून वाट पाहायची असंही नाही. हे वाचून झालं की उद्या सकाळची पहिली गाडी धरा.

तुमच्या प्रश्नावरून मला समजलं ते असं. आप्पा ५२ वर्षांचे, अमळनेर तालुक्यात कोरडवाहू शेती, चार महिन्यांपासून सरकारी दवाखान्यातून एमबीची, म्हणजे जास्त जंतूंच्या कुष्ठरोगाची पाकिटं चालू. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून चेहरा आणि हात काळे पडत गेले. गेल्या आठवड्यात ताप आला, दंडावर आणि मांड्यांवर लाल दुखऱ्या गाठी उठल्या, कोपरापासून करंगळीपर्यंत कळ जाते. तुमचे काका म्हणाले, "गोया गरम पडन्यात, बंद करी टाक," आणि तेव्हापासून पाकीट कपाटात पडून आहे.

मी डॉक्टर नाही. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत सरकारी कुष्ठरोगाच्या कामात तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त आहे. चट्टे तपासणं, नसा चाचपणं, पाकिटं पोचवणं आणि सुटलेले पेशंट शोधून परत आणणं यात नोकरी गेली. खाली औषधांचे डोस दिलेत ते डॉक्टर काय बोलतायत हे तुम्हाला कळावं म्हणून. मेडिकलवरून आणून घरीच सुरू करायला नाहीत.

काळेपणा आणि गाठी यांचा एकमेकांशी संबंध नाही. काळेपणा एका औषधाचा रंग आहे, त्याने धोका नाही. गाठी, ताप आणि कळ ही आजाराची उसळी आहे, गोळ्यांची बाधा नव्हे. गोळ्यांची खरी ॲलर्जीही असते, ती वेगळी दिसते आणि ती मात्र जिवावर बेतू शकते. तिन्हींना लोक सरसकट रिॲक्शन म्हणतात आणि तिन्हींवर एकच उपाय करतात, गोळ्या बंद. म्हणून एकेक घेतो.

आधी रंग. प्रौढांच्या एमबी पाकिटात २८ दिवसांची औषधं असतात. पहिल्या दिवशी कर्मचाऱ्यासमोर रिफॅम्पिसिन ६०० मिलिग्रॅम, क्लोफाझिमिन ३०० आणि डॅप्सोन १००. पुढचे २७ दिवस घरी रोज डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५०. अशी १२ पाकिटं. यातलं क्लोफाझिमिन, म्हणजे ती तपकिरी मऊ गोळी, मुळात एक रंगद्रव्यच आहे. ते चरबीत आणि कातडीत साठतं. आधी लालसर, मग तपकिरी, मग काळपट असा रंग चढतो, चट्टे होते तिथे जास्त. घाम, थुंकीही कधी लालसर दिसते. आपल्याकडच्या उन्हात तो आणखी गडद होतो, त्यामुळे शेतात उघड्या डोक्याने राबणाऱ्याचा चेहरा लवकर काळवंडतो. उपचार संपल्यावर हा रंग हळूहळू उतरतो. काही महिने लागतात, कधी वर्षाच्या वर जातं, पण उतरतो.

त्याच गोळीने कातडी कोरडी पडते. नडग्यांवर, हातांवर खवले धरतात, खाज येते. यावर महागडी मलमं नकोत. आंघोळीनंतर अंग पूर्ण कोरडं करायच्या आधीच खोबरेल किंवा साधं व्हॅसलिन चोळायचं. कपडे धुण्याचा साबण अंगाला लावायची सवय असेल तर ती सोडायची. डोक्याला उपरणं, पूर्ण बाह्यांचा सदरा. एवढ्याने निम्मी तक्रार कमी होते.

आप्पांचं वय ५२, त्यांना रंगाचं फार वाटणार नाही. लग्नाच्या वयाच्या मुलींचं तसं नसतं. काळं पडलं की गाव विचारतं, आणि मुलगी गुपचूप ती एकच गोळी काढून चुलीत टाकते. असं कुणी तुमच्या ओळखीत असेल तर सांगा, गोळी टाकू नको, डॉक्टरांना स्पष्ट सांग. क्लोफाझिमिनऐवजी दुसरं औषध देण्याची सोय जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीत आहे. ते डॉक्टरांनी ठरवायचं.

आता गाठी. रिफॅम्पिसिनचा पहिला डोस पोटात गेला की थोड्याच दिवसांत बहुतेक जंतू मरतात, आणि पेशंटपासून दुसऱ्याला लागण होण्याची भीती जवळजवळ संपते. पण मेलेले जंतू लगेच शरीराबाहेर जात नाहीत. कपाशी उपटून झाली तरी धसकटं रानात राहतात आणि ती वेचायला वेगळे दिवस लागतात, तसं आहे. ज्याच्या अंगात जंतू भरपूर होते त्याच्या शरीराला हा कचरा काढायला काही वर्षं लागतात. त्या कचऱ्याविरुद्ध शरीर मधेच भडकून उठतं. गाठी येतात, ताप चढतो, सांधे धरतात, नस सुजते. याला टाइप दोन म्हणतात. डॉक्टर कागदावर ईएनएल लिहितील, तेच हे.

तुम्ही लिहिलेलं बहुतेक सगळं त्यात बसतं. गाठ मऊ, लाल, हात लावला तरी दुखते, तीन-चार दिवसांत बसते आणि दुसरीकडे नवी उठते. ताप बहुधा संध्याकाळी चढतो. हे मात्र तुम्ही लिहिलेलं नाही आणि विचारायला हवं: डोळा लाल आहे का, उजेड सहन होतो का, अंडकोशात दुखतंय का. आप्पा मुलाला हे आपणहून सांगणार नाहीत. डोळा आणि अंडकोश दोन्ही या उसळीत सापडतात आणि दोन्हीकडे उशीर केला तर कायमचं नुकसान होतं.

टाइप एक वेगळी. त्यात नव्या गाठी नसतात. जुने चट्टेच एकाएकी लाल होतात, फुगतात, गरम लागतात, हातापायाला सूज येते. तिथेही नस सापडते, बऱ्याचदा जास्त जोरात. दोन्ही प्रकार उपचाराच्या आधी, मधे आणि गोळ्या संपल्यावरही येऊ शकतात. गोळ्या संपल्यावर येतात हीच गोष्ट काकांना सांगा. गोळ्यांनी होत असतं तर गोळ्या थांबल्यावर कशाला आलं असतं?

आणखी एक सांगतो, हे फार थोड्या घरांत कुणी समजावून सांगतं. ज्या तपकिरी गोळीवर सगळ्यांचा राग आहे, ती जंतू मारते आणि शिवाय अशा गाठी दाबूनही ठेवते. टाइप दोन पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टर क्लोफाझिमिन वाढवून देतात, काही आठवडे रोज ३०० मिलिग्रॅमपर्यंत. म्हणजे काळेपणाला भिऊन पाकीट बंद केलं की गाठींना आवर घालणारं औषधच बंद होतं.

आता मुद्दा कळेचा. गाठी बसतील, डाग राहतील, त्याने आयुष्य अडत नाही. नस गेली तर हात जातो. कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागून जाणारी नस सुजली आहे असं वाटतं. तिथे दाबून बघू नका, डॉक्टर बघतील. ती गेली की करंगळी आणि शेजारचं बोट वाकडं होतं, तळव्याची ती बाजू बधिर होते. कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर औषधाने परत येण्याची आशा चांगली असते. जुनी झाली की मग शस्त्रक्रिया आणि व्यायाम यांवर भागवावं लागतं. कधी नस अजिबात न दुखता जाते, म्हणून कळ थांबली म्हणजे बरं झालं असं धरू नका.

घरी आज रात्रीच एवढं करा. आप्पांना डोळे मिटायला सांगा आणि बॉलपेनच्या टोकाने करंगळीखालच्या तळव्याला, मग पायाच्या तळव्याला हलकेच टेकवा. कुठे टेकवलं ते त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवायचं. करंगळी आणि अनामिकेत पत्त्याचं कार्ड धरायला द्या आणि तुम्ही ओढा. तळहात वर करून अंगठा छताकडे उभा करायला सांगा आणि तुम्ही तो खाली दाबा. टाचांवर चार पावलं चालायला लावा. डोळे हलके मिटल्यावर फट राहते का पाहा. दोन्ही बाजू ताडून कागदावर लिहा, तारीख टाका. डॉक्टरांना या कागदाचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण मागच्या महिन्यात काय होतं हे पेशंटला कधीच धड आठवत नाही. दवाखान्यात निदानाच्या वेळी नसांचा तक्ता भरलेला असतो, तो काढायला लावा आणि ताडून घ्या.

उपचार प्रेडनिसोलोनचा, म्हणजे स्टेरॉइड. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात साधारण ४० मिलिग्रॅम रोज सकाळी खाल्ल्यावर असं सुरू करतात आणि दर दोन आठवड्यांनी ३०, २०, १५, १०, ५ असं उतरवत १२ आठवड्यांत संपवतात. नस जास्त सापडली असेल तर आणखी लांबतं. सुरू करायच्या आधी साखर, रक्तदाब, टीबीचा खोकला, पोटातला अल्सर यांची चौकशी व्हायला हवी, जंताची गोळीही देतात. आप्पांना मधुमेह असेल आणि कुणी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा. मधेच बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही. आणि या १२ आठवड्यांत एमबीचं पाकीटही चालूच. दोन्ही एकत्र चालतात, हे मुद्दाम लिहितोय, कारण बरेच जण एक सुरू झालं की दुसरं सोडतात.

एक ठिकाण टाळा. गावात मोटारसायकलवर येऊन इंजेक्शन देणारा असतो. त्याच्या सुईने रात्रीत ताप उतरतो, गाठी बसतात, आणि लोक म्हणतात याच्या हाताला गुण आहे. त्या सुईतही बहुधा स्टेरॉइडच असतं, पण मोजमाप नाही, उतरवणं नाही, साखर पाहणं नाही. आठवड्याने गाठी दुप्पट येतात. नस तोवर जात असते.

काही जणांच्या गाठी स्टेरॉइड उतरवलं की पुन्हा येतात, वर्षानुवर्षं. त्यांच्यासाठी थॅलिडोमाइड आहे. १९६५ साली जेरुसलेममध्ये जेकब शेस्किन यांनी त्याचा हा उपयोग जगासमोर मांडला, आणि पुरुष पेशंटवर मी तो फरक डोळ्यांनी पाहिलाय. पण तेच औषध गरोदर बाईच्या पोटात गेलं तर मूल हातापायांविना जन्मू शकतं. मूल होण्याच्या वयातल्या बाईच्या हाती ते लागता कामा नये, घरातल्या सुनेने चुकूनही डोकेदुखीची गोळी समजून घेता कामा नये. मोठ्या रुग्णालयातून, तज्ज्ञांच्या नजरेखालीच मिळावं. आप्पांना तिथपर्यंत जावं लागेलच असं नाही.

आता खरी औषधबाधा, जिच्यात गोळी थांबवावी लागते. सर्वांत वाईट डॅप्सोनची. बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येते. तेज ताप, सगळ्या अंगावर खाजरं पुरळ, मग कातडी सुटणं, तोंडात फोड, मानेत-काखेत गाठी, डोळे पिवळे, लघवी गर्द. अशा वेळी डॅप्सोन त्याच क्षणी बंद आणि त्याच दिवशी मोठा दवाखाना. पुन्हा आयुष्यात डॅप्सोन नाही, कागदावर लाल शाईत लिहून घ्यायचं. बाकीची दोन औषधं पुढे कशी चालवायची ते डॉक्टर सांगतात, उपचार अर्धवट राहत नाही. आप्पांना चार महिने झालेत, खाज नाही, डोळे पिवळे नाहीत असं तुम्ही लिहिलंय. म्हणून ही शक्यता मला कमी वाटते. तरी डॉक्टरांना कातडी आणि डोळे उजेडात बघायला लावा.

डॅप्सोनने रक्तही कमी होतं. थोडं बहुतेकांचं होतं, पण काहींना जन्मतः जी६पीडी नावाचा घटक कमी असतो, त्यांचं झपाट्याने उतरतं. आमच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे, भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे, तिथे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय पाकीट सुरू करू नये या मताचा मी आहे. ओठ निळसर पडणं, दोन पावलांत दम लागणं, लघवी रोज चहाच्या रंगाची होणं, ही धावत जायची लक्षणं. याउलट महिन्याच्या पहिल्या डोसनंतर एखादा दिवस लघवी नारिंगी-लाल होते ती रिफॅम्पिसिनची, तिला भिऊ नका. घरातल्या बाईला हे औषध चालू असेल आणि ती पाळणा लांबवायच्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना सांगावं, रिफॅम्पिसिनने त्या गोळ्यांचा असर कमी होतो.

कपाटातल्या पाकिटाचं: आठवडाभर गोळ्या बुडाल्या म्हणून पहिल्यापासून सुरू करायला लागत नाही. एमबीची १२ पाकिटं १८ महिन्यांच्या आत पुरी झाली तर चालतात. चुकलेल्या गोळ्या एकदम घ्यायच्या नाहीत, आज आहे तिथून पुढे. ऊसतोडीला किंवा जिनिंगला गुजरातेत जाणारे विचारतात, तर कामाला जाणार असं आधी सांगितलं की पुढच्या काही महिन्यांची पाकिटं सोबत मिळू शकतात.

बधिर झालेल्या कातडीची काळजी हा वेगळाच विषय आहे आणि डॉक्टरांना त्यासाठी वेळ नसतो. तळवा बधिर असेल तर दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून जखम होते. मे महिन्यात ४५ अंशांत आपली काळी जमीन तापते, तेव्हा पायात चप्पल नसेल तर संध्याकाळी फोड दिसतो आणि माणूस म्हणतो, कशाने झालं कळलंच नाही. चहाचा गरम पेला, विडीचं थोटूक, तव्यावरची भाकर. भरताच्या पार्टीत तर हमखास. कपाशीच्या वाळक्या काड्यांवर वांगी भाजायची आणि गरम गरम हातानेच सोलायची ही आपली पद्धत. बधिर बोटांच्या माणसाने ते काम दुसऱ्याला द्यावं, खायला बसावं.

रोज संध्याकाळी हातपाय २० मिनिटं साध्या पाण्यात बुडवायचे, गरम नाही. जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची, ब्लेडने कापायची नाही, मग ओल्यावरच तेल. नंतर तळवे नजरेने तपासायचे. तळपायाला आरसा लागतो, किंवा नातवाला बघायला सांगायचं. कापूस वेचताना बोंडाची टोकं लागतात, तर बोटांना कापडी पट्टी. चप्पल एमसीआरची, म्हणजे आतून मऊ, बाहेरून टणक, मागे पट्टा असलेली आणि खिळा नसलेली. ती कुष्ठरोग विभागातून फुकट मिळते. मागितली तर मिळते, न मागता क्वचितच.

तळव्याला जखम झालीच तर खरं औषध आराम आहे. मी पावडरी, पेनिसिलिन, हळद-चुना सगळं लावलेल्या जखमा पाहिल्या आहेत. माणूस त्या पायावर चालतच राहिला तर एकही भरत नाही. वजन काढलं की बहुतेक भरतात. पू, वास, ताप, पाय सुजणं असेल तरच प्रतिजैविक आणि डॉक्टर.

घरच्यांनी एकदा अंग दाखवून घ्यावं, लहान मुलांनीही. निरोगी निघालेल्या सहवासितांना रिफॅम्पिसिनचा एक प्रतिबंधक डोस देतात, त्याला नाही म्हणू नका. आप्पांचं ताट, अंथरूण वेगळं करायचं काही कारण नाही. आणि कुणी काही बोलून मुलामुलींच्या संसारात खोड काढत असेल तर त्याला सांगा, कुष्ठरोगाच्या नावावर घटस्फोट मागण्याची सोय २०१९ साली कायद्यातून काढलेली आहे.

उद्या जाताना सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, आणि रात्री लिहिलेला कागद न्या. प्राथमिक केंद्रात कुष्ठरोग तंत्रज्ञ कोण ते विचारा, आशाताईंना नाव माहीत असतं. तिथे नुसती पॅरासिटामॉल देऊन परत पाठवलं तर परतू नका. नस दुखतेय एवढं स्पष्ट सांगा आणि चिठ्ठी मागा. अमळनेरहून जळगावचं सिव्हिल किंवा धुळ्याचं मेडिकल कॉलेज, जे सोयीचं पडेल ते, दोन्हीकडे त्वचारोग विभाग आहे. डोळा लाल असेल किंवा हाताची पकड आजच सुटत असेल, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच निघा.